समासातला आवाज

गेडाम मॅडमची आणि माझी पहिली भेट गडचिरोलीला, विद्यापीठाच्या संगणक कक्षात झाली. संशोधन-लेखनाचा पहिलाच तास होता आणि वीज गेलेली. आता सुट्टी मिळणार म्हणून आम्ही मनातून खूश होतो. मॅडमनी सगळ्यांना बाहेर झाडाखाली नेलं आणि म्हणाल्या, "लिहू नका. आपापला विषय आधी मोबाइलमंदी बोला."

माझा विषय मोहफुलांचा. मी ठेवणीतल्या भाषेत 'संकलनाची प्रक्रिया' वगैरे बोलले. मॅडमनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"तुह्या घरी मोहफुलं कोण वेचते?"

"माही माय."

"मंग ती यात काऊन नाई?"

मी धानोऱ्याकडच्या खेड्यातली. विद्यापीठात शिरताना घरची माणसं आणि घरची बोली फाटकाबाहेर ठेवायची असते, असंच मला तोवर वाटत होतं. मॅडमनी माय आणि बोली, दोघींना आत बोलावलं. आधी आपल्या बोलीत बोलायचं, मग ते ऐकायचं, मग प्रमाण भाषेत लिहायचं, असा त्यांचा क्रम. भाषा साधी असली तरी त्यांना चालायची, पण आधारावाचून एक विधान चालायचं नाही.

सुरुवातीला त्या आमच्या लेखांत संगणकावरच दुरुस्त्या लिहून सुचवायच्या. नागभीडच्या आमच्या एका मित्राने त्या न वाचताच एका झटक्यात सगळ्या स्वीकारल्या. मॅडमनी मध्येच विचारलेलं 'हे कुठून आणलंस रे बाबा?' हेही त्याच्या प्रबंधाच्या प्रकरणात जाऊन बसलं आणि पठ्ठ्याने ते संशोधन समितीपुढे तसंच वाचलं! आम्ही पोट धरून हसलो. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत. "चूक माही आहे," म्हणाल्या, "मीच तुमाले आयतं देऊन राह्यली." त्या दिवसापासून त्यांनी दुरुस्त्या लिहिणं बंद केलं आणि फाइलच्या समासात स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड केलेल्या टिपा ठेवायला सुरुवात केली. त्या ऐकायच्या आणि आपलं आपण सुधारायचं.

आमच्या गावात तेव्हा नेटवर्क नव्हतं. धानोऱ्याच्या बसस्टँडवर टिपा मोबाइलमध्ये उतरवून घ्यायच्या आणि घरी येऊन ऐकायच्या. तेंदूपानांचे पुडे बांधता बांधता मायही ऐकायची. एकदा म्हणाली, "ही बाई तुले रागावून राह्यली का लाड करून राह्यली, मले तं समजतच नाई." खरं तर मलाही ते कधी नीट समजलं नाही. पुढे माय आजारी पडली, तेव्हा अर्धवट प्रकरणावर मॅडमची एकच टीप आली: "हे राहू दे. मायजवळ बस. समितीचं मी पाहीन." आणि खरोखरच त्यांनी सगळ्यांशी भांडून मला मुदत वाढवून आणली.

आज त्यांचा तो अभ्यासक्रम मी शिकवते. मुलांच्या लेखांवर आवाजी टिपा ठेवते, आणि माझ्या लेखनावर मात्र कुणाचा आवाज नाही. मॅडमना साठ वर्षं पूर्ण होत आहेत. गेल्या वर्षी त्यांच्या घशाची शस्त्रक्रिया झाली आणि डॉक्टरांनी बोलणं जवळपास बंद केलं. आवाज हळूहळू परत येईल म्हणतात, कधी ते कुणी सांगत नाही. माझ्या प्रबंधाचं पुस्तक होत आहे. त्याचं शेवटचं प्रकरण मी ऑनलाइन त्यांच्याशी शेअर करून ठेवलं आहे. फाइल उघडली की कधी कधी वर त्यांचं नाव दिसतं, म्हणजे त्याच वेळी त्या तिकडे वाचत असतात. मी इअरफोन लावून थांबते. नाव नाहीसं होतं. मग मी त्यांच्या जुन्या टिपा काढून ऐकत बसते. मला तो आवाज हवा आहे. त्याच्याशिवाय पोरकं वाटतं.

परवा समासात त्यांनी टाइप केलेली एक ओळ आली. "माही वाट नको पाहू. छापायले देऊन टाक."

मॅडम, आजवर तुमचं सगळं ऐकलं, एवढं मात्र ऐकणार नाही. पथ्य सांभाळा, औषधं चुकवू नका, पुष्कळ वर्षं ठणठणीत राहा. प्रकाशकांना मी थांबायला सांगितलं आहे. प्रकरण उघडंच आहे. सावकाश बोला.