काकूंचे अठरा मार्क

रोज सकाळी प्रयोगशाळा उघडली की काका आधी खिडकीजवळच्या सूक्ष्मदर्शकाच्या भिंगावर तोंडाची वाफ सोडत, मलमलच्या तुकड्याने ते पुसत आणि एक डोळा मिटून आत बघत. खाली बहुधा काहीच ठेवलेलं नसे. पण आतला उजेड गोल आणि स्वच्छ दिसला, की त्यांचा दिवस सुरू होई.

विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात ते तेहतीस वर्षं लॅब असिस्टंट होते. त्यांच्या कपाटात चारशे काचपट्ट्या होत्या. प्रत्येकीवर खोडाचा, मुळाचा नाहीतर पानाचा कागदाहून पातळ काप. निम्म्याहून अधिक त्यांनी स्वतः ब्लेडने कापलेले. मुलं त्यांना वचकून असत, कारण परीक्षेच्या सकाळी काका गुपचूप पट्ट्या बदलत. वर्षभर सरावाला असलेलं मूळ उचलायचं आणि तिथे दुसरंच मूळ ठेवायचं. कुणी कुरकुरलं तर म्हणत, "मूळ ओळखायला सांगितलंय, पट्टी नाही." हे काम त्यांना कुणी नेमून दिलं नव्हतं, त्यामुळे ते कुठल्या कागदावरही नव्हतं.

मग एक तरुण मॅडम रुजू झाल्या आणि त्यांनी वीस पट्ट्यांचे मोठे, देखणे फोटो काढून मुलांच्या मोबाईलवर पोचवले. काकांना ते मनापासून आवडलं. "तेहतीस वर्षं एका डोळ्याने बघितलं," ते म्हणाले, "आता दोन्ही वापरतो."

पंधरा दिवसांनी त्याच वीस फोटोंवर मोबाईलवरच परीक्षा झाली. एरवी वीसपैकी अकराच्या पुढे न जाणारा वर्ग सरासरी एकोणीसवर गेला. विभागप्रमुख इतके खूश झाले, की काचपट्ट्यांचं कपाट शनिवारपर्यंत भंगारात काढा, असा हुकूमच निघाला.

काकांनी हुकूम दोनदा वाचला. पण एकोणीस? मागच्या बाकावरच्या मंडळींना समोरचं झाड ओळखता येत नव्हतं!

त्या संध्याकाळी ते घरी मोबाईल उघडून एकेक फोटो निरखत बसले. शेजारी काकू शर्टाला काजं करत होत्या. सुईवरची नजर जरा वर करून त्या म्हणाल्या, "खोड."

"कशावरून?"

"उजवीकडे वर बुडबुडा आहे ना. अहो, पंधरा दिवस माझ्या नाकासमोर हेच तर नाचवताय. काचेला तडा असला की पान. केस अडकलेला असला की मूळ."

"तो केस माझा आहे," काका हळूच म्हणाले. "तेव्हा होते मला."

रात्रभर त्यांना चैन पडेना. सांगावं तर मॅडमचं कौतुक नुकतंच झालेलं. त्यांचं नाक कापलं जाणार. न सांगावं तर तेहतीस वर्षांची मेहनत भंगारात. शेवटी शुक्रवारी ते काकूंनाच घेऊन विभागात गेले. "मॅडम, हिची एक परीक्षा घ्या."

काकूंनी चष्मा चढवला, बोट फिरवलं आणि दहा मिनिटांत पेपर उडवून टाकला. वीसपैकी अठरा.

मॅडम बघतच राहिल्या. "काकू, तुम्ही हा विषय शिकलाय?"

"मी? माझ्या हातून कुंडीतलं रोप जगत नाही! पण ते दोन का चुकले हो?"

"त्या दोन पट्ट्या विकतच्या आहेत," काका खाली मान घालून म्हणाले. "अगदी स्वच्छ. ओळखायला काही नाहीच त्यांच्यावर."

मॅडमना सगळा उलगडा झाला. त्यांनी डोकं दोन्ही हातांत धरलं. खांदे हलायला लागले तशा काकू घाबरून पाणी आणायला उठल्या. पण मॅडम हसत होत्या. "म्हणजे माझ्या वर्गाने पंधरा दिवस बुडबुडे पाठ केले!"

"मुलांना नावं ठेवू नका," काका म्हणाले. "फोटो एकच असला की माणूस सोपं तेवढंच बघतो. तुमचा कॉम्प्युटर दर वेळी वेगळं मूळ दाखवेल का? मी सकाळी लवकर येऊन तेच करायचो."

"दाखवेल की. पण तेवढी मुळं आणायची कुठून?"

"कपाटात एकेचाळीस आहेत. उद्या भंगारात चाललीत."

मॅडम ताडकन उठल्या आणि विभागप्रमुखांच्या खोलीत शिरल्या. आत काय झालं कोण जाणे. बाहेर आल्या तेव्हा कान लाल होते, पण कपाट वाचलं होतं.

पुढची दोन वर्षं काका चारशेच्या चारशे पट्ट्या पुसून, क्रमाने ट्रेमध्ये मांडून स्कॅनरच्या मशीनमधून काढत राहिले. नव्या परीक्षेत वर्ग नऊवर आला. "काका, हा दगाफटका आहे!" मुलं ओरडली. काकूंना दोन मार्क मिळाले आणि त्या दोन दिवस नवऱ्याशी बोलल्या नाहीत. वर्षअखेर वर्ग चौदावर चढला. मॅडमनी त्या चौदाचे पेढे वाटले नाहीत, पण निकालाचा कागद भिंतीवर लावला.

काकांच्या निवृत्तीच्या दिवशी सभागृह भरलं. विभागप्रमुख पुष्पगुच्छ घेऊन उभे, माईक चालू, काकू पहिल्या रांगेत. काका तेवढे दाराशीच घुटमळत होते. मॅडमनी खुणेने बोलावलं, तशी त्यांनी आत डोकावून सांगितलं,

"तुम्ही सुरू करा हो. मशीनमध्ये शेवटचा ट्रे आहे, तेवढा काढून आलोच."