खोट्या नाण्यांचे चाचा

“पैले किनार, मंग राजा,” असं म्हणत चाचा घड्याळजीची काच डोळ्यात बसवायचे आणि नाणं आडवं धरायचे. राजाचं तोंड कोणीही उठवतो, कडेचे दाते पाडताना मात्र चोर कंटाळतो, असं त्यांचं म्हणणं.

गोंडपिपरीच्या बाजारात त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि शेजारच्या खोलीत मी, भाड्याने राहणारा शाळामास्तर. लोकांची घड्याळं त्यांच्याकडे महिनोन्महिने पडून असत. माझं एक अख्खा उन्हाळा पडून होतं. चाचांचा सगळा जीव एका पत्र्याच्या डब्यात. त्यात दुबार ठसा पडून दोन नाकांचा झालेला राजा होता, एका बाजूला सरकून छापलेली दुअन्नी होती, शिशाचे रुपये होते. धड नाण्याकडे ते ढुंकूनही पाहत नसत. खोटं मिळालं की बदल्यात खरं देऊन वर आभार मानायचे. मग काय, साऱ्या बाजारात न चालणारं नाणं चाचांकडे हमखास चाले. मी एकदा चिडलोच.

“चाचा, लोक लुटताहेत तुम्हाला!”

“लुटू द्या मास्तर. दोन नाकाचा बादशाह लंडनात बी नाई भेटत.”

तुम्हीच सांगा, अशा माणसावर रागावून काय उपयोग?

एका बाजाराच्या दिवशी माशांची टोपली घेऊन एक ढिवर बाई आली. तिच्या गळ्यातल्या रुपयाची कडी तुटली होती. “सोनार म्हन्ते...” एवढंच ती बोलली, तोवर काच डोळ्यात गेलीसुद्धा.

“वा! कमाल!” चाचा ओरडलेच. “साच्यात ओतलेला हाय! कडेवरचा जोड पाहा मास्तर. वरून चांदीचा मुलामा! असा सुंदर खोटा रुपया जनमात नाई पाह्यला!”

बाईने टोपली खाली ठेवली.

“सोनारबी तेच म्हने. लग्नात त्यायनं घातला होता माह्या गळ्यात. मागच्या साली तलावात बुडून गेले ते.”

चाचांचा तेव्हाचा चेहरा मी विसरलेलो नाही. त्यांनी रुपया फरशीवर वाजवला, तळहातावर तोलला, पुन्हा काच लावली. तो खरा ठरावा म्हणून धडपडत होते बिचारे. रुपया बद्दच वाजला.

“चाचा, त्यायले मालूम होतं का?”

“नाई बाई. त्यायले कसं मालूम असन?”

“हे काचंतून दिसते का?”

चाचांनी काच काढली. हो म्हणायला काय जात होतं? मी असतो तर बेधडक म्हणालो असतो. पण नाण्याबाबत या माणसाला खोटं बोलताच येत नव्हतं. त्यांनी रुपया तिच्या हातावर ठेवला. तिने तो पदराच्या गाठीत बांधला आणि टोपली उचलून गेली.

त्यानंतर दर बाजाराला चाचा तिच्याकडून मासे घेऊ लागले. त्यांना माशांचा वासही सहन होत नसे. ते मासे माझ्या चुलीवर शिजत. एकदा त्यांनी एक खरा रुपया कडी लावून तिच्यासाठी नेला. “हा त्यायचा नाई,” म्हणून तिने तो परत केला. पुढे आणे जाऊन नवे पैसे आले, तरी चाचांनी पुन्हा डबा उघडला नाही. मला फार वाईट वाटायचं आणि करता काहीच येत नव्हतं.

एका हिवाळ्यात छातीच्या दुखण्याने ते गेले. पुढच्या बाजाराला मी तिला सांगायला गेलो. तिचा गळा मोकळाच होता. मासा साफ करता करता तिचा हात थांबला.

“मास्तर, माह्या मानसाबद्दल काई सांगून गेले का चाचा?”

“नाही,” मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि पुन्हा खवले काढायला सुरुवात केली.