ताईने मागितलेला संसार

ताई गेली त्या दिवशी फोन आला तेव्हा मी मेथी निवडत बसले होते. चेरीतालच्या तिच्या घरमालकीणबाई बोलत होत्या. "दीदी, आप आ जाइए. एस्तेर दीदी दरवाज़ा नहीं खोल रहीं." मी उरलेली जुडी निवडून मगच उठले. असं का केलं, कोण जाणे... आता घाई करण्यासारखं काही उरलं नाही, हे बहुधा मला कळलं होतं. आमच्या गोरखपूर मोहल्ल्यातून ऑटोने जाताना एकच प्रश्न डोक्यात होता, प्रकाशला कळवायचं कुठे? प्रकाश हा तिचा एकुलता एक मुलगा. नऊ वर्षांपूर्वी बापाशी भांडून घरातून निघाला, तो परत आला नाही. फोन नाही, पत्ता नाही. ताईला जाऊन सहा आठवडे झाले, तो प्रश्न अजून तसाच आहे.

आमचे बाबा नगरकडून इथे, हिंदी मुलखात, संरक्षण खात्याच्या कारखान्यात नोकरीला आले आणि इथलेच झाले. घरात प्रार्थना मराठीत. चर्चमध्येही पूर्वी मराठी उपासना व्हायची, पण माणसं कमी होत गेली तशी ती बंद पडली आणि आम्ही हिंदी मंडळीत जाऊन बसू लागलो. माझी हिंदी रेल्वेच्या ऑफिसात घासूनपुसून निघाली. ताईची मात्र शेवटपर्यंत मराठी लुगडंच नेसून राहिली. भाजीबाजारात ती खपून जायची, प्रार्थनेत अडायची.

भाऊजींना लकवा झाला आणि ताईच्या घराचं सगळं फिसकटलं. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं ते अर्धंच परत आलं, आणि जे आलं ते रागाचंच. तरुण पोरगा आणि खाटेवरचा बाप दोन खोल्यांत कोंडलेले. रोज खटके. शेवटी एका दुपारी प्रकाश बॅग घेऊन निघून गेला. तेव्हापासून ताई बुधवारच्या प्रार्थना सभेला जाऊ लागली. एकदा मीही सोबत गेले. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली, डोळे मिटले आणि म्हणाली, "हे प्रभु, मेरा संसार संभाल. मेरे संसार को टूटने मत दे." एवढंच. खाली बसली. पास्टर साहेब उठले. म्हणाले, "देखिए, बहन के अपने घर में इतना दुख है, फिर भी सारे संसार के लिए माँगती हैं." सगळ्या बायका कौतुकाने तिच्याकडे बघू लागल्या. ताईला वाटलं, आपलं दुःख त्यांच्यापर्यंत पोहोचलं.

बाहेर आल्यावर मी तिला सांगितलं, "ताई, अगं हिंदीत संसार म्हणजे जग. त्यांना वाटून राहिलं, तू जगासाठी मागतेस." ती थांबली. मग इतकी हसली, की फाटकाला धरून उभं राहावं लागलं. नवऱ्याच्या आजारानंतर मी तिला तशी हसताना पाहिली ती तेव्हाच. म्हणाली, "आता काय सांगू त्यांना? मी माझ्या दोन खोल्यांचंच मागून राहिली होती म्हणून?" मी म्हटलं, "गृहस्थी म्हण पुढच्या वेळी." तिने मान हलवली. "जाऊ दे, छोटी. देवाला मराठी येते."

ती शब्द बदलायला तयार नव्हती. वर्षानुवर्षं दर बुधवारी तोच संसार. आणि मंडळी तिच्या मागे आमेन म्हणायची, ती युद्धांसाठी, भूकंपांसाठी, कुठल्या कुठल्या देशांसाठी. तिच्या घरासाठी तिथे कोणी प्रार्थना करत नव्हतं, कारण ती मागतच नाही, असं सगळ्यांना वाटायचं. मला याचा संताप यायचा. भाऊजी गेले, तेव्हा दफनाच्या वेळी ती सारखी फाटकाकडे बघत होती. प्रकाश आला नाही. घरी आल्यावर मी नको ते बोलले. "तुझ्या देवाला मराठी येते म्हणत होतीस ना?" ती उठली. माझ्यासाठी चहा टाकला. ते वाक्य मला परत घेता आलेलं नाही.

ती जाण्याच्या पंधरा दिवस आधी भेटले, ती शेवटची भेट. चहा पिता पिता मी विचारलं, "प्रकाशचं नाव घेऊन काहून नाही मागत तू?" तिने बशीतला चहा परत कपात ओतला. मग म्हणाली, "नाव घ्यायची भीती वाटते, छोटी. उत्तर आलं तर?" कपबशी उचलत म्हणाली, "आता मी खरंच जगासाठीच मागते. घरात मागायला कोण उरलं?" विश्वास होता की सवय होती, मी विचारलं नाही. आता विचारून उपयोग नाही.

दफनाच्या वेळी पास्टर साहेब बोलले, की ही बहीण साऱ्या संसारासाठी रडली. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी उठून सांगायला हवं होतं, की ती फक्त दोन माणसं मागत होती. उठले नाही. फाटकाकडे मात्र बघत होते, अगदी तिच्यासारखी.

मागच्या आठवड्यात खोल्या रिकाम्या करून दिल्या. कुकर, परात, चार ताटं, दोन बोऱ्यांत सगळं मावलं. ऑटोवाल्याने विचारलं, "क्या है दीदी इसमें?" माझ्या तोंडून निघून गेलं, "संसार." तो हसला. "पूरा संसार? दो बोरी में?" मी हो म्हटलं.

एक वाटी मी बोरीत घातली नाही. प्रकाशच्या बाप्तिस्म्याला मीच दिलेली स्टीलची वाटी, ताई तिच्यातच रोजची आमटी घ्यायची. कड झिजली आहे, पण अक्षरं शाबूत आहेत. 'चि. प्रकाश यास, मावशीकडून.' ती आता माझ्या ओट्यावर असते. कोणाला द्यायची, हे तिच्यावर कोरलेलं आहे. कुठे, ते नाही.