यादीतलं पुढचं नाव

नांदेडच्या उपचार केंद्रातून महामायाताई एचआयव्हीच्या रुग्णांना, गोळी घेतली का विचारायला, रोज फोन करतात. गोड बोलणं त्यांना जमत नाही. त्यांचे पुढचे दोन दात नवऱ्यानं पाडलेत. आजारही त्यानंच दिला.

परवा हदगावच्या शिवकन्येनं फोन उचलला, तोच मागून काठीचे फटके सुरू झाले. "रोग तूच आणलास, रांडे!" तिचा नवरा शेषेराव ओरडत होता. ती किंचाळली. हाड मोडलं, तेही ऐकू आलं. ताईंनी दुसऱ्या फोनवरून पोलिसांना पाठवलं.

आज तो जामिनावर सुटला. ताईंच्या यादीत त्याचंही नाव आहे. त्यांनी नंबर लावला.

"शेषेराव, गोळी घेतली का?"

उत्तराची वाट न बघता ताई पुढं म्हणाल्या,

"गीळ मुकाट्यानं. शिवकन्या कोर्टात बोलंल, तवा ऐकायला तू जित्ता पायजेस."