विंगेतून बघितलेलं गाव

टेम्पोत कपाट चढलं, त्यावर गाद्या, गाद्यांवर कुंडीसकट बांधलेली तुळस, आणि मी पुढं ड्रायव्हरशेजारी. कोल्हारातून निघताना आमच्या नाटक मंडळाचे दत्तूअण्णा शिलाईचं दुकान उघडं टाकून आले. खिडकीशी येऊन म्हणाले, "वैनी, माघारी बघू नका. माघारी बघितलं की एन्ट्री चुकती." मी बघितलंच. आणि चुकलीच.

तुम्ही गावात राहिलेले आणि माझ्यासारखे पोराकडं शहरात आलेले, दोघांनाही सांगते, मन लागत नाही म्हणजे काय होतं ते. मुलगा चांगला, सून त्याहून. पुण्यात वाकडला बाराव्या मजल्यावर फ्लॅट. लिफ्ट, गार्डन, सीनियर सिटिझन्सचा व्हॉट्सॲप ग्रुप, सगळं आहे. पण संध्याकाळ झाली की माझा पाय घरात ठरत नाही. हॉलमधून बाल्कनी, बाल्कनीतून किचन. सून म्हणते, "आई, स्टेप्स पूर्ण करताय का?" काय सांगू तिला? तिकडं ती तालमीची वेळ.

मंडळात मी प्रॉम्प्टर. शाळा चौथीतच सुटलेली. माझे मालक नाटकात कामं करायचे आणि पाठांतराच्या नावानं बोंब. भाकरी थापता थापता मीच त्यांच्याकडून वाक्यं म्हणून घ्यायची, त्या नादात जोडाक्षरं शिकले. एका यात्रेला प्रॉम्प्टरला कावीळ झाली, तर ह्यांनी मलाच विंगेत बसवलं. सासूबाई म्हणाल्या, "बाईमानसानं आडोशाला बसून गड्यांना बोलायला शिकवायचं? लई झालं!" आणि पुढच्या वर्षी शेजारणींना घेऊन पहिल्या रांगेत त्याच.

प्रॉम्प्टिंग म्हणजे वाचून दाखवणं नव्हे बरं का. नट श्वास घेतो तेवढ्यात वाक्याचा पहिला शब्द टाकायचा. लवकर टाकला तर तो गडबडतो, उशिरा टाकला तर मेलाच. आमच्याकडं रीत अशी की विंगेकडं कुणी बघायचं नाही; अडलं की उपरणं सारखं करायचं. उपरण्याला हात गेला की मी शब्द टाकला. मालक गेले तरी मी विंग सोडली नाही. गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मात्र मुलानं ऐकलं नाही.

यंदा यात्रेच्या आधी अण्णांचा फोन. "वैनी, नवा मानूस मिळंना. मोबाईलवरनं करता का?" आधी तालमीत करून बघितलं. मी बाल्कनीत नाटकाचं पुस्तक घेऊन, तिकडं विंगेत स्टुलावर फोन. माझा शब्द पोचेपर्यंत राजा पुढं गेलेला. त्याला वाटलं, मागचंच पुन्हा म्हणायचंय. त्यानं प्रधानाला दोनदा राज्याबाहेर काढलं. प्रधान म्हणाला, "म्हाराज, जातो ना, किती येळा हाकलता!" तिकडं हशा, इकडं मी पुस्तक मिटलं.

मुलाला म्हटलं, मला यात्रेला गावी सोड. "आई, विंगेत खाली बसणार कशी?" "खुर्चीवर." "आणि त्यांनी दुसरं कुणी बसवलं असेल तर?" मी पिशवी भरायला घेतली. कोल्हार येईपर्यंत गाडीत तेच डोक्यात, माझी जागा आहे का गेली?

जागा होती. हल्ली दहाच्या आत माईक बंद करावा लागतो, म्हणून नाटक दिवेलागणीलाच उभं राहतं. मी पुस्तक मांडीवर उघडलं. पहिला अंक सरला, कुणाचा हात उपरण्याला गेला नाही. राजा एकदा अडला, तोच प्रधानानं स्वतःच प्रश्न विचारून त्याला वाट करून दिली. फोनच्या त्या फजितीनंतर सगळ्यांनी ठरवलं होतं, आता एकमेकांनी एकमेकांना सांभाळायचं. मला सांगायची हिंमत कुणाला झाली नव्हती. मंडळ माझ्यावाचून चालत होतं. आनंद व्हायला हवा होता. मी मात्र पुस्तकाची पानं उगाच मागं-पुढं करत बसले.

मध्यंतरात अण्णा आले. "रुसला का वैनी?"

"मी कशाला रुसू?"

"मंग उठा. म्होरं जाऊन बसा. आजवर तुमी आमचं एकबी नाटक म्होरनं बघितलं न्हाई."

खरंच की! एवढ्या वर्षांत मला राजाचा एक कान, राणीच्या अंबाड्यातल्या पिना आणि सगळ्यांच्या पाठीवरचा घाम एवढंच ठाऊक. जे जिवापाड जपलं ते मी कायम कडेनं बघितलेलं. गेले, बायकांमध्ये खुर्ची टाकून बसले. समोरून राजा केवढा दिसतो! रडायच्या वाक्याला तो नुसता आवाज कापरा करतो असं मला वाटायचं. इथून बघते तर डोळे खरंच भरलेले.

माझे ओठ काही थांबेनात. प्रत्येक वाक्य त्याच्याआधी माझ्या तोंडात. शेजारची तरणी बाई वैतागली, "अवो आज्जी, गप बसा की! आमाला ऐकू द्या."

"अगं, मी प्रॉम्प्टर हाय."

"मंग आत जा! हितं आमी पैल्यांदा बघतोय."

"मीबी पैल्यांदाच बघतेय गं," म्हटलं. सगळ्या हसल्या, मीही.

आता परत पुण्यात आहे. इथं सगळे माझ्याशी गोड बोलतात. "बोला ना आजी" म्हणतात आणि कानात हेडफोन घालतात. तिकडं माझ्यावाचून अडत नाही हे पक्कं कळलंय, आणि तेच टोचतंय. तरी घर कुठलं विचाराल तर तिथलंच सांगेन, जिथं माझी गरज उरली नाही, पण मी मध्ये बोलले तर कुणीतरी हक्कानं डाफरतं. पुढच्या यात्रेला जाणार आहे, पहिल्या रांगेत बसायला. गप बसेन असं मात्र कबूल करत नाही.