ब्रेकचं पेडल

ब्रेक ऑइलचा वास आला की मला माहेरचं अंगण आठवतं. वडिलांची जुनी गाडी त्र्यंबकेश्वरहून येताना ब्रेक मारला की डावीकडे ओढत होती. रविवारी त्यांनी चाक काढलं, ड्रम उघडला आणि तेलानं भिजलेले लायनर बदलले. उरलं होतं ब्रेकच्या पाइपातली हवा काढणं. त्याला दोघं लागतात, एक चाकापाशी आणि एक पेडलवर. पेडल लहानपणापासून माझं. मी चप्पल काढून उठलेसुद्धा, तर वडील म्हणाले, "तू बस निवांत, चार दिवसांसाठी आलीयेस." आणि नव्या वहिनीला हाक मारली. मी ओट्यावर गार होत चाललेला चहा धरून बसले. "दाब. धर. सोड." वहिनी घाईनं पाय उचलायची, हवा परत आत शिरायची. मी असं केलं असतं तर वडील खेकसले असते, तिला म्हणाले, "असू दे बाई, दमानं घे." त्यांच्या प्रत्येक "दाब"ला माझा पाय पायरीवर रुतत होता. आजही गॅरेजमध्ये तो वास आला की उजवा पाय आपोआप दाबला जातो. वहिनीचा दाबला जात नसावा, तेवढं तरी माझं एकटीचं राहावं, एवढीच इच्छा आहे.