पिकू द्या

वायलुमाच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर भरायचं ते बटाटे काढून झाल्यावर. त्याआधी कोणी फिरकत नाही. दिसत नसलेला माणूससुद्धा चाचपत चाचपत आधी बटाटे काढतो. डॉक्टर एलिओदोरो तार्कींना हे सांगावं लागत नसे, कारण ते याच पठारावरचे. बाप लोकरीच्या लामांचा कळप राखायचा. पोरगा ओरुरो शहरात राहून डोळ्यांचा डॉक्टर झाला, तेव्हा बापाने विचारलं होतं, "नुसत्या डोळ्यांचा? मग बाकीचं अंग कोण बघणार?"

एकतीस वर्षं ते ओरुरोत डोळे कापत होते आणि तीन-चार वर्षांतून एकदा वायलुमाला येत होते. ही खेप शेवटची. हात अजून स्थिर होते, पण पाठ ओणवं राहायला नाही म्हणत होती.

त्यांच्या उमेदीच्या काळात आख्खं भिंगच डोळ्यातून काढून टाकावं लागे. मग जाड टाके, आठवडाभर उताणं पडून राहणं आणि बाटलीच्या बुडासारखा चष्मा. त्यात काही डोळे हातचे जात. म्हणून थोडंफार दिसतंय तोवर हात लावायचा नाही, हीच रीत होती. तरुण तार्कींनी ती रेडिओवर आयमारात, आपल्या लोकांच्या बोलीत, मोठ्या झोकात सांगितली: "मोतीबिंदू पिकू द्या. पिकला की या." लोक खूश झाले. एवढा शिकलेला डॉक्टर, पण बोलतो कसा शेतातल्या माणसासारखा! पुढे डोळ्यात बसवायची भिंगं आली, चीर नखाएवढी झाली, आणि पिकेपर्यंत थांबणं हेच धोक्याचं ठरलं. तार्की नवं सगळं शिकले, पण रेडिओवर पुन्हा गेले नाहीत. समोर येईल त्याला समजावत. आणि समोर येणारा पिकवूनच आलेला असे.

या शेवटच्या शिबिरात दुपारी नर्स बासिलियाने दोन बहिणींना आत आणलं. थोरली सिप्रियाना, सगळे मानाने 'दोन्या' म्हणत ती, सत्तरी ओलांडलेली, हॅट छातीशी धरून. धाकटी एउलालिया, तिच्या दंडाला धरून.

"डॉक्टर ताता," वडीलधाऱ्याला म्हणतात तसं म्हणून सिप्रियाना आवाजाच्या दिशेने हसली. "आणले बघा, दोन्ही पिकवून आणले."

त्यांनी तिच्या पापण्या वर केल्या. दोन्ही बाहुल्या दुधासारख्या पांढऱ्या. इथवर काही बिघडलं नव्हतं. असे डोळे त्यांनी शेकड्यांनी उघडले होते. मग मिटल्या पापणीवरून त्यांनी दोन बोटांनी उजवा डोळा दाबून पाहिला. तो गोटीसारखा टणक लागला. डावाही तसाच.

"दुखत होतं का?"

"तर! उजवा दोन वर्षांपूर्वी. महिनाभर ठणका, उलट्या, डोळा लालभडक. ही म्हणाली, ताई, ओरुरोला जाऊ या. मी म्हटलं, गप गं. गळू पिकताना ठणकतं की नाही? तसंच हे. मग एक दिवस ठणका थांबला. म्हटलं, झाला पिकून. डावा यंदाच्या थंडीत. तेव्हा तर मला आनंदच झाला."

तार्कींनी बॅटरी लावली. पिकलेल्या मोतीबिंदूतूनही उजेड कुठून येतो एवढं माणसाला कळतं. तेवढं कळलं तर डोळा वाचवता येतो. एवढं एकच मागणं त्यांनी मनात मागितलं. "उजेड कुठून येतोय?"

"तुमच्याकडून."

त्यांनी बॅटरी विझवली. "आता?"

"आताही तुमच्याकडूनच," ती म्हणाली. मग जरा चाचरून, "की खिडकीकडून?"

बासिलियाने तोंड फिरवलं. तार्कींनी बॅटरी पुन्हा लावली, डावीकडून, उजवीकडून, वरून. म्हातारी परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी उत्तरं देत होती आणि सगळी चुकत होती. पिकून फुटलेल्या भिंगाने आतला दाब वाढवला होता आणि दाबाने मागची नस मारली होती. आता मोतीबिंदू काढून उपयोग नव्हता. मागे बघणारं कोणी उरलं नव्हतं.

त्यांनी तिला ते सांगितलं. आडवळणाने नाही, सरळ.

तिने हॅटची कड चाचपली. "मागावर चादर अर्धी सोडून आलेय," ती म्हणाली. "लाल पट्टा माझ्या डोळ्यांनी घालीन म्हणून."

"चूक माझी आहे, दोन्या सिप्रियाना. मी रेडिओवर सांगितलं ते तेव्हाचं होतं. नंतर येऊन मोडून काढायला हवं होतं. मी नाही काढलं." त्यांना रडू फुटलं. एकतीस वर्षांत ते रोग्यासमोर कधी रडले नव्हते.

"असं काय बोलता, ताता?" सिप्रियानाच त्यांना समजावू लागली. "तुमचं बोलणं बरोबरच होतं. कधी पिकला ते मलाच ओळखता आलं नाही."

तार्कींनी डोळे पुसले आणि एउलालियाला उजेडाकडे वळवलं. तिच्या उजव्या डोळ्यात बारीकशी साय धरू लागली होती. वीस मिनिटांचं काम. आज, या हातांनी.

"तू इथेच बस. तुझा आत्ता काढतो."

एउलालिया मागे सरली. "माझा? माझा कच्चा आहे अजून. मी सुईत दोरा ओवते."

"कच्चाच काढायचा असतो! पिकायची गरजच नाही, कळलं का तुला?" ते जवळजवळ ओरडले.

एउलालियाने बासिलियाकडे पाहिलं. बासिलिया म्हणाली, "खरं सांगतायत गं. बस." पण एउलालिया रडून लाल झालेल्या त्या म्हाताऱ्या डॉक्टरकडे पाहत होती. त्यांचं आज चित्त ठिकाणावर नाही असं तिला वाटतंय, हे तिच्या तोंडावर स्पष्ट दिसत होतं.

"पुढच्या खेपेला येईन, ताता," ती अदबीने म्हणाली.

पुढची खेप नाही, हे त्यांनी सांगितलं. दुसरं कोणी येईल, असं ती म्हणाली. तिने ताईला उठवलं, तिच्या डोक्यावर हॅट नीट बसवली आणि तिला दाराकडे चालवत नेलं. रांगेतल्या बायकांनी वाट दिली.

"झाला का, सिप्रियाना?" कोणीतरी विचारलं.

"नाही गं. जास्त पिकला," सिप्रियाना म्हणाली, आणि बहिणीचा हात चाचपून घट्ट धरला. "तू मात्र लक्ष ठेव हं, एउलालिया. ठणका लागला की त्याच दिवशी निघ."